दहावं नख

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आलो एकदाच्या. चंदनसारहून कळंबपर्यंत टेम्पोत आई पुढे ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे व्हीलचेअर, दोन बॅगा आणि पार्लरची खुर्ची धरून. खुर्ची विकणार होते, पण जीव झाला नाही. वृद्धाश्रम चालवणारे फ्रेडरिकसर म्हणाले, आणा, केस कापायला होईल. चला, माझ्याबरोबर तिलाही नोकरी लागली.

होम छान आहे. पूर्वी इथे हॉलिडे कॉटेज होतं. फाटकावरच्या बोर्डाला पांढरा रंग फासलाय, पण उन्हात खालचं 'रेन डान्स' अजून वाचता येतं. आईला वाचून दाखवलं तर ती तोंड वाकडं करून हसली. मागे सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. अकरा आजी-आजोबा होते, आई धरून आता बारा. तिला खिडकीजवळची कॉट मिळाली आणि मला तिच्याच खोलीत दुसरी.

जूनमध्ये झटका आला तेव्हापासून आईची डावी बाजू गेली. जीभ जड झालीय, पण डोकं शाबूत आहे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, इस्त्रीच्या साडीशिवाय बाईने उंबरा ओलांडला नाही. आता दुसऱ्याने आंघोळ घालावी लागते याचं तिला दुःख नाही, ती नीट घातली जात नाही याचं आहे. म्हणून तर ही नोकरी घेतली. सगळ्यांची आंघोळ, केस, दाढी, नखं मी बघायची आणि आईने इथे राहायचं. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर तिला एकटीने उचलण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. ती जागाही सोडून टाकली. आईच्या फॉर्मवर सही मात्र धाकट्या भावाची, जितूची. मी इथली कर्मचारी, म्हणून जबाबदार नातेवाईक व्हायला मी चालत नाही म्हणे. जितू पनवेलला राहतो आणि फोनवरून जबाबदार असतो.

पार्लरची अपॉइंटमेंटची वही अर्धी कोरी राहिली होती. तीत लिहितेय. आई विचारते, गिऱ्हाइकं आली का. म्हटलं, बारा आलीत आणि एकही पळून जाऊ शकत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कामाला हात घातला. मदतीला शर्ली आहे, जवळच्याच गावातली, चोवीस वर्षांची. गोड पोरगी, पण कोणी जरा कण्हलं की हिच्याच डोळ्यांत पाणी.

तिला सकाळी शिकवलं. पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं. सुरुवात पायांपासून, एकदम डोक्यावर तांब्या ओतला की म्हाताऱ्या माणसाला धडकी भरते. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. आणि पूर्ण वेळ बोलत राहायचं, म्हणजे त्यांना उघडं असल्याची लाज वाटत नाही. पार्लरमध्ये वीस वर्षं हेच केलं, फरक एवढाच की तिथे बायका स्वतःच्या पायांनी यायच्या.

एक गोष्ट मात्र बघून नाकाला मिरच्या झोंबल्या. एरॉल अंकलच्या डाव्या करंगळीचं नख हे एवढं वाढलेलं, बाकी नऊ नीट कापलेली. वाटलं, राहिलं असेल. मग हंसाआजींचा हात बघितला, तिथेही तेच. जयवंतकाकांचंही. अकराच्या अकरा माणसांची डावी करंगळी तशीच. शर्ली म्हणाली, सालोमीबाय असंच करायची, का ते तिला ठाऊक नाही. ही सालोमीबाय माझ्या आधी एकोणीस वर्षं इथे होती. आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून स्वयंपाकघरामागच्या खोलीत सरांनी तिला राहू दिलंय. दिवसभर दारात बसून असते. मी काही तिच्याकडे गेले नाही. नऊ बोटांचं मॅनिक्युअर करणाऱ्या बाईशी काय बोलणार?

ठरवलंय, घाई करायची नाही. एका वेळी एकालाच घ्यायचं आणि नखशिखान्त चकाचक करून सोडायचं.

६ नोव्हेंबर, बुधवार

पहिला मान एरॉल अंकलचा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर बोटीवर आचारी होते. केस कापले, कानांतले काढले, भुवया आवरल्या, टाचा घासल्या. नखांवर आले तर त्यांनी डावी मूठ मिटून घेतली. म्हणाले, सालोमी हे कापत नाही. मी म्हटलं, अंकल, हे ठेवून काय सतार वाजवायची आहे? हसले आणि दिला हात.

संध्याकाळी फ्रेडरिकसरांनी त्यांचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुबईहून मुलाचा फोन आला, बाबा दहा वर्षांनी लहान दिसताहेत. सर शाळेत मास्तर होते, सहजी कौतुक करत नाहीत, पण आज म्हणाले, वसुंधराबाई, तुमच्या हातात जादू आहे. मी आईला तीनदा सांगितलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

एरॉल अंकल गेले.

सकाळी सातला बादली घेऊन गेले तर ते आधीच तयार होऊन बसलेले. केस ओले, दाढी गुळगुळीत, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, दोन्ही हात मांडीवर जुळवलेले. मी शर्लीला शाबासकी दिली. ती म्हणाली, मी कुठे घातली आंघोळ, मला वाटलं तुम्ही घातली. अंकलना स्वतःहून उभंही राहता येत नाही. म्हणजे पोरगी खोटं बोलतेय, पण चांगलं काम करून कोणी खोटं का बोलेल?

भांग उजवीकडे पाडला होता. अंकल डावीकडे पाडतात. आणि साबणाचा वास आपल्या साबणाचा नव्हता, कपडे धुवायच्या जुन्या वडीसारखा उग्र होता.

साडेअकराला सूप पिता पिता मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हृदय. वयही होतंच. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

१० नोव्हेंबर, रविवार

काल अंकलचं मयत झालं. त्यांच्या गावच्या दोन बायका न्हाऊ घालायला आल्या होत्या. म्हणाल्या, आम्हाला काही कामच ठेवलं नाही. त्यातल्या एकीने अंकलचा डावा हात उचलून बघितला आणि विचारलं, हे कोणी कापलं? मी म्हटलं, मी. तिने कपाळ-खांद्यांवर क्रूस केला आणि बाहेर निघून गेली. मला आधी वाटलं, काम आवडलं असेल.

आज आईची नखं घेतली. डाव्या हाताची मूठ झटक्यापासून घट्ट आवळलेली असते. कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं. चार झाली, पण करंगळी पार आत रुतलीय. जरा ओढली तर आई ओरडली. म्हटलं, राहू दे, पुढच्या रविवारी. तळव्यात बँडेजची गुंडाळी ठेवली. ती तासाभरात गळून पडते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल हंसाआजींना घेतलं, आज जयवंतकाकांना. आजींनी कुरकुर केली नाही. उलट म्हणाल्या, पायाला कोणी हात लावून वर्षं झाली. काका बँकेत हेडकॅशियर होते, शंका काढल्याशिवाय हात पुढे करत नाहीत. करंगळीपाशी थांबले. म्हणाले, इतकी वर्षं राखलं त्याला काही कारण असेलच ना. मी म्हटलं, कारण एकच, कंटाळा. कापलं.

शर्लीने एरॉल अंकलबद्दल पुन्हा शपथ घेतली. मी विषय वाढवला नाही. पण खरं सांगते, माझा विश्वास नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आता मात्र काहीतरी नक्की आहे.

सकाळी हंसाआजी तयार. नाहून, पावडर लावून, पांढरी साडी नेसून. ही साडी त्यांच्या ट्रंकेत सगळ्यांत खाली असते. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

वेणीवरून मला हात ओळखता येतो. पार्लरमध्ये चार पोरी होत्या, कुठली वेणी कोणाची ते लांबून सांगायचे. ही वेणी उलटी होती, पेड वरून न घेता खालून घेतलेले आणि शेवटाला रबर नाही, पांढऱ्या कापडाची फाडलेली चिंधी. मी शर्लीला बसवलं आणि माझी वेणी घालायला लावली. सरळ घालते आणि तीही सैल. स्वयंपाकाच्या बाईंना येत नाही. सालोमीबाय आंधळी. राहिले फ्रेडरिकसर. त्यांना वेणीचं काय विचारणार?

आजींना विचारलं, कोणी न्हाऊ घातलं. त्या म्हणाल्या, तूच नाही का.

सव्वाबाराला गेल्या. वरणभात कालवून देत होते.

कोणीतरी काहीतरी देतंय. पावडरचा डबा हुंगला, चहा चाखला, औषधांची पाकिटं मोजली. न्हाणीची किल्ली आता माझ्या कमरेला. सरांना सांगितलं तर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, बाई, म्हातारी माणसं जातात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जयवंतकाकांना कालच सगळं सांगितलं. ते घाबरले नाहीत. म्हणाले, पडताळा घेऊ. उजाडल्यापासून मी त्यांच्या कॉटशी बसले. दार आतून बंद, न्हाणीला कुलूप, शर्ली माझ्या डोळ्यांसमोर अंगणात कपडे वाळत घालतेय. काका पायजम्यात, दाढीचे खुंट वाढलेले. मी खिडकीचा पडदा सारायला वळले. किती वेळ लागतो पडदा सारायला?

वळून बघते तर केसांतून पाणी निथळतंय. दाढी केलेली. धुतलेला सदरा. फरशी कोरडी ठणठणीत. तोच साबण.

काका म्हणाले, हात किती मऊ गं तुझे. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हणजे तू नव्हतीस?"

दुपारी गेले. शेवटपर्यंत हुशारीत होते, मला धीर देत होते. मी नख कापताना त्यांनी कारण विचारलं होतं आणि मी कंटाळा म्हणाले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेवटी गेले सालोमीबायकडे. बसायलाही सांगितलं नाही तिने, आधी माझा डावा हात मागितला. करंगळी चाचपली. थ्रेडिंग करताना सुटा केस झटकायला मी ते नख वाढवते, वर्षानुवर्षांची सवय. मग म्हणाली, बस.

कॉटेजच्याही आधी या जागेवर एक म्हातारी एकटी राहायची. आजूबाजूच्या गावांत कोणी गेलं की न्हाऊ घालायला, कपडे चढवायला तिलाच बोलावणं यायचं. ख्रिस्ती असो, हिंदू असो. काम एकदम चोख. डोक्यापासून सुरू करायची आणि डाव्या करंगळीच्या नखावर संपवायची. ते कापलं की माणूस तयार, मग घरच्यांनी उचलायचं. ती स्वतः गेली तेव्हा मात्र तिला न्हाऊ घालायला कोणी आलं नाही. तशीच पुरली. तेव्हापासून तिचं काम सुटलं नाही. हिंडत्या-फिरत्या माणसाकडे ती वळत नाही, पण पडलेलं, बसलेलं दिसलं की ती आधी डावी करंगळी बघते. नख असलं तर मागे फिरते. नसलं तर तिला वाटतं, हे गेलेलंच आहे, फक्त न्हाऊ घालायचं राहिलंय.

"जित्या मानसाचं काम पुरं करायचं नसतं, पोरी. पुरं फक्त मेलेल्याचं करतात."

हे मला सांगा म्हणून तिने फ्रेडरिकसरांना दोनदा बजावलं होतं. सरांनी हसण्यावारी नेलं. आणि मी तिच्या दारावरून रोज दहा वेळा गेले, पण नाक वर करून.

मी विचारलं, कापलं गेलंच तर? म्हणाली, दोन दिवस. मळवून, विस्कटून उपयोग नाही, ती धुते. फाटकाबाहेर मात्र ती येत नाही.

मला हे पटलंय का? दिवसाउजेडी आंधळ्या बाईच्या गोष्टी ऐकून बसलेय, मी, बी.कॉम. झालेली बाई. पण तिघांचं मी कापलं आणि त्याच ओळीने तिघं गेले. आणि आईची करंगळी केवळ रुतली म्हणून राहिली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जितूला फोन केला. म्हटलं, आईला घेऊन जा, लगेच. खरं कारण सांगितलं नाही, वेड्यात काढलं असतं. तो म्हणाला, १ तारखेला रविवारी गाडी घेऊन येतो, त्याआधी जमणार नाही. बारा दिवस. बारा दिवस फक्त एक नख सांभाळायचं आहे. एवढं जमेल.

बाकी कोणाच्याच करंगळीला मी हात लावत नाही. शर्लीलाही सांगितलं. तिने मान डोलावली, पण माझ्याकडे बघत नव्हती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आईच्या तळव्याला वास येतोय. नख आत शिरलंय. गुंडाळी ठेवते, ती पाडते. कडा घासायला गेले तर मूठ उघडेना. जखम बाहेरून दिसत नाही, पण ती रात्रंदिवस कण्हतेय. औषध लावते. कापत नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सरांनी ऑफिसात बोलावलं. म्हणाले, तुम्ही ज्या तिघांची खास काळजी घेतली ते तिघं आठवड्यात गेले. आता तुमच्या स्वतःच्या आईची ही अवस्था. नातेवाईक विचारताहेत. मी काय उत्तर देऊ?

मी सगळं सांगितलं. सालोमीबायचं नाव घेतलं. त्यांनी टेबलावरचं पाणी माझ्याकडे सरकवलं आणि किल्ली मागून घेतली. नेलकटरसुद्धा. आजपासून सगळ्यांचं शर्ली करणार. आईचंही.

मी सगळ्यांवर संशय घेत फिरले. आता सगळं होम माझ्याकडे तसंच बघतंय. स्वयंपाकाच्या बाईंनी माझ्या हातचा चहाचा कप घेतला नाही.

शर्लीच्या हातापाया पडले. करंगळी सोडून काहीही कर. हो म्हणाली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आईने आज चांगला हात पुढे करून माझा पदर धरला. काप, म्हणाली. मी म्हटलं, चार दिवस, आई, जितू येतोय. तिला बोलायला वेळ लागतो. मी थांबले. एकेक शब्द जुळवून म्हणाली,

"मी मेल्यावर कापणार आहेस?"

मग भिंतीकडे तोंड केलं. जन्मभर नीटनेटकी राहिलेली बाई. तिचं अंग कुजतंय आणि पोटची मुलगी हात लावत नाही. काय वाटत असेल तिला माझ्याबद्दल?

कापणार नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांनी मलम आणायला नालासोपाऱ्याला पाठवलं. दीड तास लागला. परत आले तर आई खिडकीशी बसलेली. मूठ उघडी. तळवा स्वच्छ, पांढरी पट्टी. शर्ली हसत उभी, म्हणाली, ताई, आजी रडत होत्या, मला नाही बघवलं. अर्धा तास गरम पाण्यात धरला हात. बघा, सगळी कापली.

आई हसत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा इतकी हसली.

मी शर्लीवर हात उगारला. मारलं नाही. पण सगळ्यांनी बघितलं.

आज शुक्रवार. दोन दिवस म्हणजे रविवार. जितू रविवारीच येतोय. किती वाजता? फोन उचलत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

जितूशी बोलले. रडून सगळं सांगितलं. घाबरला, पण माझ्याच वेडाला घाबरला. सुट्टी मिळत नाही, उद्या पहाटे निघतो, नऊपर्यंत पोचतो.

आईला व्हीलचेअरवर बसवून फाटकापर्यंत नेलं. रिक्षा उभी केली होती. सरांनी अडवलं. फॉर्मवर सही जितेंद्रची, तोच नेईल. मी ओरडले. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. चार पावलांवर रस्ता होता.

सरांनी सांगितलं, उद्यापासून मी कामावर नाही. जितूबरोबर मीही निघायचं.

३० नोव्हेंबर. दुपार

सालोमीबायकडे गेले. काहीतरी सांग म्हटलं. म्हणाली, एकदा एका खोलीत दोघी होत्या, दोघींची नखं कोणीतरी कापलेली. ती म्हातारी एकदा आली की दिवस मोजत नाही, नख बघते, आणि एका खेपेला एकालाच नेते. जिची जास्त तयारी होती तिला नेलं. दुसरीची वेणी अर्धी टाकून गेली. ती दुसरी पुढे सहा वर्षं जगली.

हे सांगून तिने माझा हात सोडला नाही. डाव्या करंगळीवर अंगठा ठेवून बसली. नको, म्हणाली.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.४०

उजाडलंय. जितू निघालाय, घोडबंदरला आहे. आई झोपलीय, श्वास नीट चाललाय. मी अजून काही केलेलं नाही. कदाचित लागणारच नाही. नऊला अजून सव्वादोन तास—

७.०५

आईचे केस ओले आहेत.

मी तिचा हात धरून होते. डोळे मिटले नव्हते, शपथ. पांढरी साडी. ही साडी आमच्या बॅगेत नव्हतीच. आई घाबरलेली नाही. म्हणतेय, छान वाटतंय—

साबणाचा वास.

७.१५

आंघोळ केली. घाईत केली, पण डोक्यावरून केली. भांग पाडला. पावडर. इस्त्रीची साडी आईची नेसले. शर्लीकडून नेलकटर मागितलं, तिने काही न विचारता दिलं. पायांची झाली. उजव्या हाताची झाली. डाव्याची चार.

जितूचा फोन. हायवेला कुठेतरी ट्रॅफिक. दहा तरी वाजतील.

आईच्या मागे केस हलताहेत. तीन पेड. खालून घेतलेले. कोणी नाही तिथे. पेड पडतोय, दुसरा, तिसरा—

७.२०

कापलं. दहा.

कॉटवर ताठ बसलेय. हलायचं नाही. फक्त उजवा हात लिहितोय.

७.२४

वेणी थांबली. मानेपाशी. अर्धी. पेड सुटताहेत. आई वळून बघतेय माझ्याकडे— तिला कळलं. नाही नाही म्हणतेय, आई, गप्प, गप्प बस, असू दे—

माझी पाठ ओली झाली. पाणी गरम आहे. हात खरंच मऊ—

जितू, ही वही तुला मिळेल. आईला आहे तशीच गाडीत बसव. इथे कोणी म्हणालं, जरा केस नीट करून देतो, तर नाही म्हण. फाटकाबाहेर गेल्यावर मग सगळं कर. ती रडेल, तू रागावू नको. उचलताना डाव्या हाताला धरून ओढू नको, खांदा दुखतो तिचा. कमरेला धर, आणि आधी सांग, आई, आता मी तुला—